चार कोपऱ्यांचा तंबू

रघूमामा कुणाशीही बोलताना समोरच्याच्या खांद्यांकडे बघायचे. शिंपी होते, त्यामुळे ती मापं घेण्याची सवय असेल, असं मला वाटायचं. एकदा मलाच म्हणाले, "खांदे वर चढवून का चालतेस गं पोरी? घरात काय झालं?" मी दहा वर्षांची होते. "काही नाही" म्हणाले आणि जिन्यावरून वर पळाले.

म्हैसूरच्या अग्रहार भागात खाली त्यांचं दुकान आणि घर, वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. बाबांच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेलो. मामांच्या घराण्याला इथे किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नसे. त्यांची मराठी कानडीत भिजलेली. आईला त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'ताई' करून टाकलं, म्हणून ते माझे मामा.

आमच्या घरात तेव्हा आई-बाबा एकमेकांशी बोलत नसत. भांडण नाही, चढलेला आवाज नाही. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला विचार, किल्ली कुठे ठेवली." दोघं एकाच खोलीत आणि मध्ये मी. शाळेत मी जवळजवळ गप्पच असायचे. घरी बोलायचे ते सगळं दुसऱ्यांचं.

दसऱ्याची शिलाई संपली की मामा एक तंबू बाहेर काढत. मांडवाच्या जाड कापडाचा, त्यांनी स्वतः शिवलेला. मामींना आणि गल्लीतल्या एखाद्या कुटुंबाला घेऊन ते सोसले गावाजवळ कावेरीकाठी मुक्कामाला जात. "पोरांना दोन दिवस मातीत सोडायचं. सुम्ने, उगाच नाही सांगत मी. पोरं पण सुधारतात, आईबाप पण."

तंबूला मधला खांब मुद्दामच नव्हता. चार कोपऱ्यांना चार काठ्या, चार दोऱ्या. चौघांनी एकाच वेळी ताणून धरायचं आणि मामांनी फिरत फिरत खुंट्या ठोकायच्या. ज्या दोघांचं पटत नसेल त्यांना ते समोरासमोरचे कोपरे देत. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या वर्षी माझ्यासमोर मामी होत्या आणि बाबांसमोर आई. बाबांनी जोर लावला, कापड कललं.

"आईला सांग, जरा सैल सोड," बाबा मला म्हणाले.

"साहेब!" मामा हातोडी थांबवून ओरडले. "पोरीला मी कामाला लावलंय. निरोप तुमचे तुम्ही सांगा!"

बाबा आईकडे वळले. मग थेट म्हणाले, "जरा सैल सोड."

"तुम्ही आधी ओढायचं थांबवा," आई म्हणाली, आणि हसली. त्या दोन दिवसांत बाबांनी मला पाण्यावर दगड उडवायला शिकवलं, आईने तीन दगडांच्या चुलीवर भात लावला, तो खाली लागला, आणि त्यावरून दोघं एकमेकांना चिडवत राहिले. मी नदीकाठी मोठ्याने ओरडले होते, हेही आठवतं.

घरी परतल्यावर महिनाभरात पुन्हा माझ्यामार्फत निरोप सुरू झाले.

पुढच्या दसऱ्याला बाबांची पुण्याला बदली ठरली होती; आम्ही तिघंही जाणार असं मी धरून चालले होते. मी एकटीच दुकानात गेले. "मामा, आम्हाला परत न्या."

"अय्यो! इंग्लिश शाळेत मागायला पण शिकवतात काय गं?" ते म्हणाले. मग हसू थांबवून, "शनिवारी निघू."

तंबू या वेळी पटकन उभा राहिला. दुपारी आई-बाबा पाण्याशी जाऊन बसले आणि बोलत राहिले, खूप वेळ. मामांनी माझ्या ओंजळीत चुरमुरे ओतले. "बघ, बोलायलेत की नाही?" आम्ही दोघंही खूश होतो.

मग आई-बाबा तंबूत आले, माझ्या दोन बाजूंना बसले. बाबा एकटेच पुण्याला जाणार, यापुढे आपण वेगळे राहणार, हे त्यांनी मला सांगितलं. थोडं आईने, थोडं बाबांनी.

दुसऱ्या दिवशी तंबूची घडी घालताना बाबा कापडाची दोन टोकं घेऊन आईपर्यंत चालत गेले, ती तिच्या हातात दिली आणि मागे सरकले. मामा तेवढा वेळ नदीकडे तोंड करून उभे होते.

"मी उगाच नेलं, ताई," असं ते आईला कितीदा तरी म्हणाले. तसं नाही हो, असं तिने सांगूनही त्यांना पटलं नाही. त्यानंतर त्यांनी कुणालाच मुक्कामाला नेलं नाही.

मागच्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा मी भेटायला गेले. त्यांच्या उशाशी बसले. मग म्हणाले, "मामा, त्या दिवसानंतर मला कधीच निरोप न्यावे लागले नाहीत. दोघंही माझ्याशी आपापलं बोलायला लागले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे हाक मारली, "ऐकलंस काय गं, ही काय म्हणते ते?"

"ऐकलं की," मामी आतून म्हणाल्या. "आता तरी झोपा."

ते खरंच झोपले. आठवड्याभरात गेले.

मी त्यांना सांगितलं ते खरंच होतं. पण तो तंबू उभाच राहिला नसता, तर बाबा आणखी एखादं वर्ष आमच्यात राहिले असते, असंही मला अजून वाटतं. ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.