काढून टाक

आमच्या घरात एक विनोद बरीच वर्षं चालत आला आहे. पाहुणे जेवायला बसले, श्रीखंड वाढून झालं, की बायको सुरू करते, "आमच्या लेकीच्या मराठीची गंमत सांगितली का तुम्हाला?" लेक आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रदर्शनासाठीचं एक मोठं चित्र अर्धवट राहिलं होतं. बापानं फोनवर सांगितलं, "काढून टाक एकदाचं." म्हणजे लवकर काढ, पूर्ण कर. पोरीनं काय करावं? चित्रच भिंतीवरून काढून टाकलं! पाहुणे हसतात. ज्यांची मुलं इथेच कार्डिफमध्ये वाढली ते जरा जास्तच हसतात. मीही हसतो.

हा विनोद मी रचलेला आहे. त्यात खरं किती आणि खोटं किती, हे इतक्यांदा हसल्यावर माझं मलाच नीट सांगता येईना. आता निवृत्त झालो आहे, वयही झालं आहे. जमेल तेवढं सरळ लिहून ठेवतो.

लेकीनं आर्ट कॉलेज निवडलं तेव्हाच मी गोंधळलो होतो. ओपन डेला तिथल्या शिक्षिकेनं सांगितलं की पहिल्या वर्षी स्टुडिओत चित्रं, शिवाय ग्राफिक डिझाइन, शिवाय कलेचा इतिहास. मी विचारलं, "यातला मुख्य विषय कुठला?" ती म्हणाली, "तेच तर हिला शोधायचंय." मी रेडिओलॉजिस्ट. क्ष-किरणांच्या फिल्म बघून काय आहे ते सांगायचं, एवढं माझं काम. काय शोधायचं हेच ठाऊक नसताना मुलगी तीन वर्षं तिथे काय करणार, ते मला कळेना. पण विरोध केला नाही. इथल्या मराठी मंडळात मी अभिमानानं सांगायचो की आमच्याकडे एक तरी डॉक्टर नसलेलं माणूस आहे.

शेवटच्या वर्षी तिनं मला एकट्याला स्टुडिओत बोलावलं. भिंतीवर तिच्याहून उंच कॅनव्हास होता. त्यावर आमच्या दारापुढचा ड्राइव्ह, म्हणजे गाडी लावायची जागा, आणि आमची गाडी, वरून पाहिल्यासारखी. काचेवर पाऊस आणि काचेमागे एक माणूस. गळ्यात हॉस्पिटलचा बॅज, दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहरा अजून रंगवायचा राहिलेला.

"हा कोण?"

"तुम्ही, बाबा."

ड्यूटीवरून आल्यावर मी गाडीत बसून राहायचो, हे खरं आहे. इंजिन बंद करायचं, रेडिओही बंद. काचा आतून धुरकट होईपर्यंत तसाच. घरात काही वाईट नव्हतं. पोळ्यांचा वास बाहेरपर्यंत यायचा, बायको वाट बघत असायची. तरी हात दाराच्या कडीकडे जायचा नाही. हे कुणी पाहत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. लेकीच्या खोलीची खिडकी बरोबर ड्राइव्हच्या वर होती.

"मी वरून हात करायचे," ती म्हणाली. "तुम्ही कधी वर बघितली नाही."

"बघितलं नाही," मी म्हणालो. मला तेवढंच सुचलं, व्याकरण.

"ओके, बघितलं. पण कसं वाटलं?"

"बरंय."

"बरंय म्हणजे गुड, की बरंय म्हणजे ओके?"

"बरंय म्हणजे बरंय."

घरी येताना माझ्या डोक्यात एकच होतं. प्रदर्शनाला मंडळातले सगळे येणार. पण त्यांचं एवढं नाही, बायको येणार. ती ते चित्र बघणार आणि विचारणार, "का हो?" आणि माझ्याकडे उत्तर नाही.

प्रदर्शनाच्या आधी काही दिवस लेकीचा फोन आला. "बाबा, ते कारवालं चित्र अजून झाली नाही. फेस जमत नाहीये. काय करू?"

"काढून टाक एकदाचं," मी म्हणालो.

"शुअर?"

"हो, हो. काढून टाक."

प्रदर्शनात त्या जागी तिची पोस्टरं होती, मोठाल्या रंगीत अक्षरांची. बायकोनं विचारलं, "अगं, तुझं ते मोठं चित्र कुठंय? मला दाखवणार होतीस ना?" लेकीनं माझ्याकडे बघितलं. "बाबा म्हणाले काढून टाक."

बायको माझ्याकडे वळली. आणि मी मोठ्यानं हसलो. "अगं वेडाबाई, काढून टाक म्हणजे पूर्ण कर! निबंध लिहून टाक म्हणतो, तसं चित्र काढून टाक! तू उतरवलंस होय?"

शेजारी उभे असलेले मंडळाचे सेक्रेटरी खोखो हसले. "घ्या! आणि हिला संडेच्या मराठी शाळेत बक्षीस मिळालं होतं!"

लेकही हसली. कानापर्यंत लाल झाली आणि हसली.

त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोलेनाशी झाली. हे माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला. आईशी फोनवर तिचं धेडगुजरी मराठी जोरात चालू असायचं आणि फोन माझ्याकडे आला की, "हाय बाबा, हाउ आर यू कीपिंग?" ती लंडनला गेली, ग्राफिक डिझाइनमध्ये तिचं चांगलं चाललं आहे. चित्रं काढणं तिनं सोडलं. माझ्यामुळे सोडलं, असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझ्यामुळे नाही, असंही नाही.

मी निवृत्त झालो आणि घरात बसून डब्यांना लेबलं लावायला लागलो. बायको वैतागली. "अहो, हळदीचा डबा मला लेबलाशिवाय ओळखता येतो. कुठेतरी जा बाई रोज!" म्हणून गेलो, तर कुठे, आर्ट कॉलेजात. अर्धवेळ कोर्स, तेच तीन विषय. का, हे तेव्हाही कळलं नव्हतं.

तिथे माझा रोज गोंधळ उडतो. इतिहासाच्या तासाला सर म्हणाले, चित्राचा अर्थ आधी सांगू नका, दिसतंय काय ते लिहा. मला वाटलं, हे तर आयुष्यभर केलं. मी लिहिलं, 'खुर्चीत मध्यमवयीन स्त्री. प्रकाश डावीकडून. इतर काही आढळले नाही.' वर्ग हसला. सरांनी विचारलं, "आणि ती रडतेय, ते?" मी परत पाहिलं. रडत होती. स्टुडिओत सांगितलं, खुर्ची काढू नका, खुर्चीभोवतीची रिकामी जागा काढा, खुर्ची आपोआप येईल. मी खुर्चीच काढली. ती खुर्चीसारखीही आली नाही.

मग ग्राफिक डिझाइनच्या बाईंनी एक काम दिलं. वयानं माझ्या लेकीएवढ्याच असतील. आपल्या भाषेतला एकच शब्द घ्या आणि त्याचं पोस्टर करा. मी 'काढ' घेतला. कॉम्प्युटरनं काना एकीकडे टाकला, ढ दुसरीकडे. तेवढं एका मुलानं नीट करून दिलं. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"याचा अर्थ काय?"

"ड्रॉ," मी म्हणालो. "आणि टेक अवे."

"दोन्ही? मग ऐकणाऱ्याला कळतं कसं?"

"आवाजावरून."

"मग तो आवाज पोस्टरमध्ये आणा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि तो शब्द वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहू लागलो. काढ. काढून टाक. काढून टाक एकदाचं.

"काय काढू?" बायको ओट्यापाशी होती. "मघापासून काढ काढ चाललंय. वरचा डबा काढू का खालचा?"

त्या दिवशी फोनवर माझा आवाज कसा होता, ते मी आठवत होतो. आठवेना. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा मला काय म्हणायचं होतं, ते आजही सांगता येत नाही. लवकर संपव, असंही असेल. कदाचित दोन्ही अर्थ एकदमच तोंडात आले असतील. पण आठवता आठवता तिचा आवाज आला. "शुअर?"

चित्र पूर्ण कर म्हटल्यावर कुणी 'शुअर?' विचारत नाही. तिनं कुठला अर्थ घेतला आहे, हे मला त्या एका शब्दात कळलं होतं. कळल्यावर मी "हो, हो" म्हणालो होतो. म्हणजे दुसरं 'काढून टाक' एकाच अर्थाचं होतं. तिची मराठी बरोबर होती. मी भर प्रदर्शनात ती चूक ठरवली, आणि तेव्हापासून जेवणावळींत वाढत राहिलो.

रविवारी दुपारी लेकीला फोन करून हे सगळं मराठीतच सांगितलं. अडखळत सांगितलं.

"आय नो, बाबा."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही हसलात ना, तेव्हा कळलं. तुमचा तो खोटा हसणं."

"मग बोलली का नाहीस?"

"आई विचारत होती. अँड यू लुक्ड सो स्केअर्ड."

मला वाटत होतं की मी तिचा गुन्हेगार आहे आणि तिला ते ठाऊक नाही. ती तर इतकी वर्षं मला सांभाळत होती. हे मी कुठे नेऊन ठेवावं, ते कळेना. म्हणून विचारलं, "ते चित्र आहे का गं?"

"नाही. त्याच कॅनव्हासवर दुसरं काहीतरी केलं. तेही गेलं."

मग मी तिला सांगितलं, की वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी मी तिच्या जुन्या खोलीत, तिच्या खिडकीशी बसून आमची गाडी काढतो आहे. कोळशानं. भोवतालचा ड्राइव्ह काळा केला आणि गाडी खरंच आपोआप आली. काचेमागचा माणूस मात्र येत नाही. "काय करू, कळत नाही. ठेवू की नको?"

ती हसली. मग मराठीत म्हणाली, "काढून टाका, बाबा."

"म्हणजे कुठलं?"

"मराठी तुमची चांगली आहे ना? ठरवा."

फोन ठेवून मी वर गेलो. खिडकीतून गाडी बघत राहिलो, तिच्या काचेमागे कुणी नव्हतं. कोळसा हातात घेतला, पुसायचं रबरही घेतलं.

"अहो!" खालून हाक आली. "चहा निवतोय. वर काय करताय एवढं?"

"काढतोय."

"काय काढताय?"

"खाली येऊन सांगतो," मी म्हणालो. "तो पाहुण्यांना सांगतेस ना विनोद, त्याबद्दलही बोलायचंय."

ती विचारणार, "का हो बसायचात गाडीत?" उत्तर अजूनही माझ्याकडे नाही. तसंच सांगेन म्हणतो. रबर खिडकीत ठेवलं आणि खाली निघालो.