स्पीकरवरचा फोन

माझ्या भावाला फोन कानाला लावून बोलता येत नाही. स्पीकर लावायचा, फोन ओट्यावर ठेवायचा आणि हातातलं काम करत मोठ्याने बोलायचं. अमडापूरकडच्या आमच्या गावात बहुतेक जण असेच बोलतात. बाजूला जाऊन हळू बोलणाऱ्यावरच लोक संशय घेतात.

बीटी कापसाच्या बोंडातही अळी निघाली, त्या वर्षी वहिनीची झोप उडाली. भाऊ बियाणंवाल्याला शिव्या देऊन मोकळा व्हायचा. वहिनी मात्र गप्प झाली, ताट अर्धवट ठेवून उठू लागली. बुलढाण्याला डॉक्टरकडे नेते म्हटलं, तर तयार होईना. एसटीत बसलं की कुठे, कशाला, हे सगळे विचारणार आणि परत येईपर्यंत गाव तिला वेडी ठरवणार. तिचं काही चुकत नव्हतं. शेवटी मीच चिखलीच्या माझ्या घरून खटपट करून पुण्याच्या एका समुपदेशक बाईंशी तिची फोनवर गाठ घालून दिली.

वहिनी शेतातल्या विहिरीजवळ जाऊन बोलायची. तिथे रेंज होती आणि ऐकायला कोणी नव्हतं. बाईंना तिची बोली कळायला वेळ लागे. ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हटलं की त्या थांबतात, हे सांगताना ती हसली. तिला झोपही लागू लागली आणि मला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटू लागलं.

मग एकदा तिने बाईंना सांगितलं, की फवारणीच्या औषधाचा डबा डोळ्यांसमोरून हलत नाही. जिवाला धोका वाटला तर घरी कळवावं लागेल, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यासाठी भावाचा नंबर घेऊन ठेवला होता. त्यांनी तिला बोलण्यात गुंतवून घराकडे चालायला लावलं आणि दुसऱ्या फोनवरून भावाला गाठलं. पुण्यात बसून त्या आणखी काय करणार?

भाऊ तेव्हा अंगणात वेचणीच्या बायांचा कापूस मोजून घेत होता. फोन नेहमीसारखा ओट्यावर. एकटे आहात का, असं बाईंनी विचारलं.

“हाव, घरीच हावो. बोला,” भाऊ म्हणाला.

त्या बोलल्या. सगळ्या अंगणाने ऐकलं.

भाऊ तसाच विहिरीच्या वाटेला धावला. संध्याकाळी त्याने घरातले औषधाचे सगळे डबे मित्राच्या गोदामात कुलपात टाकले आणि रात्रभर वहिनीजवळ बसून राहिला. त्या एका फोनमुळे ती वाचली, असं मी मानते. त्याच फोनमुळे ती पाण्याला हापशीवर गेली की बायांचं बोलणं थांबू लागलं. मला भावाचा राग आला, बाईंचाही आला, आणि दोघांनाही धड दोष देता येईना याचा जास्त आला.

“बाईनं जीव वाचवला, ताई,” वहिनी मला म्हणाली, “पण मले उघडं पाडलं.”

त्यानंतर तिने बाईंचा फोन उचलणं बंद केलं.

पुढे मी गावी गेले असताना वेचणीच्या त्या बायांपैकी एक जण भर दुपारी आली. उंबऱ्याशी बसली आणि खाली बघत पुण्याच्या बाईंचा नंबर मागितला. वहिनी तिला वाटेला लावणार, असंच मला वाटलं. वहिनीने आतून फोन आणला आणि नंबर काढून दिला.

“घरचा एक नंबर मागतीन त्या,” ती म्हणाली. “माहा दे. मी कानाले लावून बोलते.”