आत्याने स्वतः निवडलेली खोली

माझी आत्या बत्तीस वर्षं शहर बसमध्ये कंडक्टर होती. त्या काळी या कामावर बायका फारशा नसत, त्यामुळे लोक तिकीट काढायचं सोडून तिच्याकडे बघत बसायचे. "बघून झालं असेल तर सुटे काढा," ती म्हणायची आणि अख्खी बस हसायची. घरीदारी तिचं नावच कंडक्टरबाई पडलं होतं. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेले, मुलं आपापल्या संसाराला लागली, तरी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटीच ठणठणीत राहत होती.

एकोणऐंशीव्या वर्षी ती स्टुलावर चढून कपाटाचा माथा पुसायला गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. फोन दुसऱ्या खोलीत. तिने पडल्या पडल्या अशी काही हाक मारली, की रस्त्यापलीकडचा सायकल दुरुस्तीवाला हातातल्या पान्यासकट धावत वर आला. दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून बरं. "मला वाटलं, बाई माझ्यावरच ओरडतायत," असं तो पुढे कितीतरी दिवस सांगत होता.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी तिच्या कॉटभोवती वादाला तोंड फुटलं. आत्याची मुलगी, म्हणजे माझी थोरली आतेबहीण, शाळेत मुख्याध्यापिका. ती एका ज्येष्ठ निवासाचं माहितीपत्रक घेऊनच आली होती. "तिथे चोवीस तास माणसं असतात. प्रत्येक खोलीत बेल, बाथरूममध्ये धरायला दांडे. पुन्हा पडली तर काय करणार आहोत आपण?"

धाकटा आतेभाऊ तापला. "सरळ वृद्धाश्रम म्हण ना! आईने उभा जन्म त्या घरात काढला. घरीच बाई ठेवू, दांडे आपणही बसवू शकतो."

दोघं बरोबर होते, हीच पंचाईत होती. शेवटी कॉटवरून आवाज आला, "माझं तिकीट तुम्ही फाडताय. उतरायचं कुठे, ते मला कोणी विचारणार का?"

आतेबहिणीने माहितीपत्रक मिटलं.

"आधी घरी जाते," आत्या म्हणाली. "नाही जमलं तर बघू."

घरी मदतीला एक चाळिशीची बाई आली. दिवसरात्र तिथेच राहायची. कामाला चोख, हाताला हलकी. आंघोळीच्या स्टुलावर बसवताना ती आत्याला कधी ओढायची नाही; "तुम्ही उठा, मी आहे" एवढंच म्हणायची. सहा आठवड्यांत आत्या वॉकर सोडून काठीवर आली. पहिल्या दिवशी त्या बाईने "आजी" म्हटलं, तेव्हा मात्र आत्या फणकारली होती. "आजी माझ्या नातीची. तू मावशी म्हण."

आपल्या पलंगावर झोपायचं, मनाला येईल तेव्हा चहा करायचा, स्वतःच्या खिडकीत बसायचं, हे सुख होतंच. पण त्या खिडकीत ती फारच बसू लागली. दोन जिने रोज उतरणं जमत नव्हतं. मैत्रिणींना चढणं जमत नव्हतं. एकदा मी गेले, तर आत्या आणि ती बाई समोरासमोर चहा घेत बसलेल्या.

"काय गप्पा चालल्यात?" मी विचारलं.

"कसल्या गप्पा," आत्या म्हणाली. "हिच्या सासूची गोष्ट मला पाठ झाली, माझ्या सासूची हिला. आता सासवा बदलून बघतोय."

पुढच्याच आठवड्यात ती बाई तापाने आजारी पडली आणि आमची त्रेधा उडाली. मुख्याध्यापिकाबाईंनी रजा टाकली, आतेभाऊ दोन दिवस सोफ्यावर झोपून मान अवघडून बसला, शनिवारी मी गेले. आत्या सगळं बघत होती. सोमवारी तिचा मला फोन. "ते माहितीपत्रक कुठेय? आपण दोघीच जाऊ. आणि हो, जेवणाच्या वेळी जायचं."

निवासाच्या व्यवस्थापकबाई आम्हाला बाग दाखवायला निघाल्या होत्या. आत्या थेट जेवणाच्या हॉलमध्ये शिरली. वीसेक माणसं, लांबलांब टेबलं, चमच्यांचा तेवढा आवाज. एका टेबलावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ एकटेच जेवत होते. गणिताचे निवृत्त सर. आत्या त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसली.

"कसं आहे इथे? खरं सांगा, त्या बाई लांब आहेत."

सरांनी विचार केला. "सूप अळणी. नर्स उत्तम. बेल दाबली की दोन मिनिटांत येतात, मी घड्याळ लावून पाहिलंय."

"आणि भांडायला कोणी आहे का?"

"नाही हो," सर खरोखरच खिन्न झाले. "सगळे फार सभ्य आहेत."

आत्या अशी खळखळून हसली, की वीसच्या वीस माना वळल्या. मग तिने व्यवस्थापकबाईंना धारेवर धरलं. दाराला आतून कडी आहे का? आहे, पण बाहेरून किल्लीने उघडते. खोलीत चहाची किटली चालेल? नाही. बाहेर जाता येईल? येईल, वहीत लिहून. किटलीवर ती बराच वेळ अडून बसली. शेवटी एक महिना राहून बघायचं ठरलं. घर तसंच ठेवायचं, सामान हलवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, आवाज रडवेला. सकाळी सातला आंघोळीला उठवतात म्हणे. "बत्तीस वर्षं पहाटे उठून ड्यूटीवर गेले गं. आता तरी झोपू द्या की!" भाऊ गाडी काढायलाच निघाला होता. मी म्हटलं, थांब, ती भांडेल. ती भांडलीच. नऊची वेळ मिळवली, आणि सातला उठवल्या जाणाऱ्या आणखी चौघीजणी नऊवर आल्या.

दर बुधवारी निवासाची छोटी बस सगळ्यांना तळ्याकाठी न्यायची. व्यवस्थापकबाई कौतुकाने म्हणाल्या, "तुम्ही तर कंडक्टर! सगळ्यांना चढवण्याचं काम तुमच्याकडे."

"मुळीच नाही," आत्या म्हणाली. "जन्मभर बसमध्ये उभी राहिले. आता बसून जाणार. खिडकीपाशी."

खिडकीपाशी सर बसले होते. "ही माझी नेहमीची जागा आहे," ते म्हणाले. दोघांची अशी जुंपली की ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. जाताना सर, येताना आत्या, असा तह झाला. संध्याकाळी तिने फोनवर मला ते भांडण शब्दनशब्द ऐकवलं, सरांचा आवाज काढून. इतक्या आनंदात मी तिला काका असतानाच पाहिलं होतं.

महिना संपला तेव्हा आम्ही सगळे तिच्या घरी जमलो. आत्याने सरळ सांगून टाकलं, "मी तिथेच राहते."

भावाचा चेहरा पडला. "लोक म्हणतील, मुलाने आईला टाकलं."

"कोणी टाकायला मी काय पिशवी आहे? मी माझ्या पायांनी गेले. तू बसवलेल्या दांड्यांना धरूनच ते पाय धड झाले, हेही लोकांना सांग." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात मागून हुंदका आला. बघतो तर मुख्याध्यापिकाबाई!

"तुला काय झालं? तुझंच तर खरं झालं!" आत्या म्हणाली.

"मग मी शाळेतून येताना कुठे डोकावू?" एवढं म्हणून ती लहान पोरीसारखी रडू लागली, आणि आम्ही हसावं की रडावं अशा पेचात सापडलो.

तेव्हा ठरलं ते असं. घर ठेवायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आत्याच्या दोघा भाच्यांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या भावांनी, तिला खुर्चीत बसवून दोन जिने वर न्यायचं. सगळ्यांनी तिथे जेवायचं. ती मदतनीस बाईही यायची, पण पाहुणी म्हणून. तिने भांड्याला हात लावायचा नाही.

आता आत्या ब्याऐंशीची आहे. गेल्या रविवारी जेवणं झाली, नात तिच्या मांडीवर डोकं ठेवून लोळत होती, मी दुसऱ्यांदा चहा टाकला होता. साडेचार वाजले तशी आत्याने पर्स उचलली.

"थांब ना गं अजून," आतेभाऊ म्हणाला.

"पाचला पत्त्यांचा डाव आहे," ती म्हणाली. "सर पानं लपवतात. मी नसले की जिंकतात."