कुमसुनताईंची प्रार्थना ऐकली जाते

कोरियातल्या मोक्पो बंदरातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत कुमसुनताई दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध: किमची, म्हणजे आमचं कोबीचं तिखट लोणचं, आणि प्रार्थना. त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या की बंदरावरचे दांडगे बाप्येसुद्धा चष्मे पुसायला लागतात. ग्वोनसा ही आमच्यातल्या वडीलधाऱ्या बायकांची पदवी. ताईंना ती वयापेक्षा आवाजामुळे मिळाली, असं मी म्हणते. अर्थात त्यांच्या माघारी.

त्यांचा एकुलता एक तेसोप पाच वर्षांपूर्वी बायकोला घेऊन किर्गिझस्तानात, काराकोलला मिशनरी म्हणून गेला. मंडळीला केवढा अभिमान! ताईही पहिल्या बाकावरून कौतुकानं मान हलवायच्या. घरी मात्र त्याच्या रिकाम्या वरच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी नवा कागद लावून घेतला होता, हे शेजारीण म्हणून मला एकटीला ठाऊक.

यंदा पाळकांबरोबर मंडळीतला आमचा गट आठवडाभरासाठी त्या जोडप्याच्या भेटीला निघाला, तेव्हा विमानात ताई माझ्या कानाशी लागल्या. "कुणाला बोलू नकोस. मी त्याला परत आणायला चाललेय."

"आणि पाळकांना काय सांगणार?"

"पोरगा वाळून काटकुळा झालाय म्हणेन. त्यांना काय काळीज नाही?"

काराकोलला दार उघडलं, तर समोर तेसोप चांगला गरगरीत. मटणानं आणि लोण्यानं गाल वर आलेले. सून उन्जूही टवटवीत. ताईंनी त्याला खालवर न्याहाळलं. मग मला हळूच म्हणाल्या, "सूज आहे ती."

आमच्यात मिशनरी झालेल्या पोराला चारचौघांत आईनंही अहो-जाहोच करायचं. त्यामुळे आठवडाभर जेवणं अशी झाली:

"मिशनरीसाहेब, किमची घ्या ना अजून."

"पुरे झाली, ग्वोनसाबाई."

आणि चारचौघं तर सदाच भोवती होती. आम्ही त्यांचं कुंपण रंगवलं, अंगण झाडलं, फोटो काढले, आणि पहाटे उठून मोठमोठ्यानं प्रार्थना केल्या. शेजारची बुरुलआपा रोज गरम नान घेऊन यायची आणि चहा पीत आमच्याकडे टक लावून बघायची. एकदा तिनं उन्जूला विचारलंच, "एवढी माणसं एका घरासाठी रडतायत. तुमचं नक्की बिघडलंय तरी काय?"

शेवटच्या दुपारी ताईंनी मुलाला स्वयंपाकघरात गाठलं. मी तिथेच भांडी पुसत होते.

"तेसोप, ऐक जरा."

"आई, मलाही सांगायचंय. आजच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोरच सांगतो." बाजूला उभ्या उन्जूनं मान खाली घातली. ताईंचा चेहरा असा उजळला की मीसुद्धा मनातल्या मनात वरच्या खोलीत अंथरूण घातलं.

आम्ही गोल करून बसलो. पाळक म्हणाले, "मिशनरी जोडप्यासाठी ग्वोनसाबाईंनीच मागावं."

ताई उभ्या राहिल्या. सुरुवात अडखळत झाली. पण त्या आवाजाला एकदा सूर सापडला की तो कुणाचं ऐकत नाही, मालकिणीचंही नाही. "प्रभू, यांचे पाय या मातीत रोव! केस इथेच पिकू देत! यांची हाडंसुद्धा इथेच पडू देत!" आम्ही सगळे ओरडलो, "आमेन!" कोपऱ्यातल्या बुरुलआपानंही तिच्या मुसलमानी रीतीनं दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

तेसोप रडत उठला. "खरं सांगतो, आम्ही थकलो होतो. घरी परतायचं ठरवलं होतं, आज तेच सांगणार होतो. पण माझ्या जन्मदात्या आईनं हे मागितल्यावर आणखी कुठलं उत्तर शोधू? आम्ही इथेच राहू. कायमचे."

हालेलुयाचा एकच कल्लोळ उठला. सगळ्यांत मोठ्यानं कुमसुनताई रडल्या. पाळक गहिवरून म्हणाले, "आईचा आनंद बघा!"

परतीच्या विमानात मी विचारलं, "ताई, दुसरं काही मागता नसतं का आलं?"

"सगळ्यांसमोर? 'माझं पोरगं परत दे' म्हणून?" त्यांनी नाक पुसलं. "असं कुणी मागतं का?"

वरची खोली आता नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीला दिली आहे. ताई तिलाही खाऊ घालून गरगरीत करायच्या मागे आहेत. त्यांची प्रार्थना ऐकली जाते, ही कीर्ती मात्र दुसऱ्या मंडळ्यांपर्यंत पोचली. लांबून बायका येतात. ताई त्यांना आधी चहा देतात, शेजारी बसवतात आणि विचारतात, "नक्की काय हवंय तुला? नीट विचार करून सांग. आणि मी भलतंच मागायला लागले, तर माझा पदर ओढ."

पदर आपला म्हणायचा; आमच्या पोशाखाला तो नसतो. त्या बाही पुढे करतात.