समाधानी खारमुंगची यांगकी

आमच्या खारमुंगमध्ये अकरा घरं आहेत आणि त्यांतल्या सात घरांच्या किल्ल्या यांगकीच्या कमरेला असतात. ती चालली की खुळखुळ आवाज येतो. नवख्या माणसाला वाटतं, केवढी मोठी घरधनीण! प्रत्यक्षात तिचं स्वतःचं दार एकच, आणि त्याला कुलूपच नाही.

रस्ता आला तेव्हा आम्ही लामांना बोलावून मोठी पूजा घातली होती. त्याच रस्त्यानं आधी पोरं गेली, मग पोरांना सांभाळायला त्यांच्या आया गेल्या. कुणी थिंफूला, कुणी तिथून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला. जाताना प्रत्येक जण यांगकीच्या हातात किल्ली देऊन म्हणाला, "दोन वर्षांचाच प्रश्न आहे." ती महिन्यातून एकदा सातही घरं उघडते, झाडते, चूल पेटवते. धूर लागला नाही की लाकडाला कीड लागते. झाडताना मालकांना नावं ठेवते, मोठ्यानं. मी तिला आना म्हणते, थोरल्या बहिणीच्या नात्यानं. रस्त्याच्या वळणावर माझं दुकान आहे. तिथंपर्यंत ऐकू येतं. "पर्थमध्ये दुसऱ्यांचे संडास धुशील, पण स्वतःच्या घरातलं जाळं काढायला येऊ नकोस!"

नवरा झाडावरून पडून गेला त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तिची सोबत म्हणजे मक्याचं शेत. माणसं कमी झाली तशी रानडुकरं वाढली. मागची दोन वर्षं मका डुकरांनीच खाल्ला. त्यांना मारावं तर पाप, आणि वर गुन्हाही. बाई त्रेसष्टाव्या वर्षी शेतातल्या माळ्यावर बसून डबा बडवणार तरी किती?

यंदा पेरणी झाली आणि थिंफूतल्या मुलीचा, देमाचा, फोन आला. यांगकीचा फोन कानाला लावला तरी पलीकडचं सगळं दुकानभर ऐकू येतं.

"आमा, यंदाही डुकरांनीच खाल्लं ना, तर मी गाडी पाठवणार. कुलूप लावायचं आणि यायचं. बास झालं."

"तुझ्या चौथ्या मजल्यावर येऊन करू काय? खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बघू?"

"माझ्या पोराला बघ. पर्थचा कागद आला की मी पण चालले."

"म्हणजे तिथलीही किल्ली माझ्याच कमरेला!" असं म्हणून यांगकीनं फोन ठेवला. मग मिठाच्या पोत्यावर बसली. "पेल्मो," मला म्हणाली, "झटक्याच्या तारेचं कुंपण मिळालं तर मी वाचले गं. नाहीतर सप्टेंबरात मला पोत्यात भरून नेतील."

तर मार्चअखेर राजधानीतून एक पाहणीवाला आला. सिंग्ये त्याचं नाव. बूट इतके स्वच्छ, की आमच्या चिखलालाच संकोच वाटावा. देशातली माणसं किती समाधानी आहेत, हे मोजायचं काम त्याच्याकडे होतं. बंद घरांपासून सुरुवात केली त्यानं. प्रत्येक कुलपासमोर उभा राहायचा, टॅबवर बोट टेकवायचा, पुढे जायचा. मी विचारलं, "काय लिहिता हो?"

"घरात कुणी नाही. तक्रार नाही."

यांगकीनं त्याला लोणी घातलेला चहा पुढे केला. त्यानं रीतसर तोंडावर हात धरला, "नको औम, नको." औम म्हणजे आमच्याकडे बाईमाणसाला मानाची हाक. तिनं पुन्हा म्हटलं. तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदा तिनं सरळ ओतला आणि तो दोन कप प्याला. मग प्रश्न सुरू झाले.

"मागच्या महिन्यात किती वेळा मत्सर वाटला?"

"कोणाचा?"

"कोणाचाही."

"गावात आहे कोण? या पेल्मोचा वाटावा म्हटलं, तर हिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट."

त्यानं 'कधीच नाही' वर बोट टेकवलं.

"शेजाऱ्यांवर विश्वास आहे?"

"सात जणांचा माझ्यावर आहे," यांगकीनं किल्ल्या वाजवून दाखवल्या. त्यालाही चांगले गुण पडले असावेत, कारण तो खूश झाला. आणि मग शेवटी आला तो प्रश्न.

"सरकारकडून काही हवंय? पाणी, शेताला झटक्याचं कुंपण, शौचालय?"

मी पुढे सरकून बसले. यांगकीही. आणि बाईनं तोंडावर हात ठेवला. "छे छे, दाशोसाहेब. कशाला उगाच त्रास? आहे ते पुष्कळ आहे."

आता आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. म्हटलं तर आईबापांचं नाव जातं. दुसऱ्यांदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारतात, मग आपण मान खाली घालून म्हणायचं, बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर. यांगकी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसली होती. सिंग्येनं बोट टेकवलं. पान पुढे गेलं.

तो गाडीपाशी पोचेपर्यंत मी त्याला गाठलं, गुडघ्यांसकट. "अहो, तिला कुंपण हवंय!"

"नको म्हणाल्या त्या."

"तुम्हीही चहा नको म्हणाला होतात. किती वेळा विचारलं तिनं?"

त्याचे कान लाल झाले. "तीनदा. पण औम, ते चहाचं झालं. इथं एकदाच विचारायचं असतं. पान मागे जात नाही."

"मग त्या 'नको'खाली सही कुणाची?"

"सही नसते. अंगठाही नसतो," तो म्हणाला आणि गाडीत बसला. वाईट मुलगा नव्हता. वळणावर त्यानं मागे वळून पाहिलंसुद्धा.

मे महिन्यात निकाल घेऊन आमचे गुप आले. गुप म्हणजे दहाबारा गावांनी मिळून निवडून दिलेला प्रमुख; सध्या लेथो नावाचे गृहस्थ आहेत. आमचं गाव भागात पहिलं आलं होतं. अकरापैकी सात घरांत शून्य तक्रारी, उरलेल्या चारांत सौजन्य. कुंपणाची तार मात्र खालच्या गावाला गेली. ती लेथोंची सासुरवाडी. टॅबसमोर रडायचं असतं, हे तिथं आधीच कळलं होतं.

आम्हाला मिळाली पाटी. पुरुषभर उंच, लोखंडी. 'समाधानी गाव', आणि खाली हसणारी एक बाई, जी आमच्याकडची नव्हे. तिचे सगळे दात जाग्यावर होते. पाटी रस्त्याकडेला रोवली. आठ दिवसांत डुकरांनी तिच्या खांबांना पाठी घासून ती कलती केली. लेथोंनी माणसं लावून दोनदा सरळ केली. डुकरांना जणू पाठ खाजवायची सरकारी सोय झाली होती. तिसऱ्यांदा हसणारी बाई चिखलात तोंडघशी पडली.

लेथो माझ्या दुकानात डोकं धरून बसले. "ऑगस्टमध्ये जिल्ह्याचे मोठे दाशो येणार, परदेशी पाहुणे घेऊन. फोटो काढायचाय पाटीबरोबर. कुंपण घालावं लागणार."

मी म्हटलं, "गावाला मिळालं नाही ते पाटीला मिळेल?"

"पाटीला देखभालीचा निधी वेगळा असतो."

यांगकी तेल घ्यायला आली होती. बाटली हातात तशीच. मला वाटलं, बाई रडणार आता.

"गुप," ती म्हणाली, "रस्त्याकडेची माती भुसभुशीत. माझ्या मक्यात लावा ना पाटी. मधोमध. मागे डोंगर येईल फोटोत."

लेथोंचा हात आपोआप तोंडावर गेला. "छे छे औम, तुमची जमीन."

"घ्या हो."

"नको, उगाच तुम्हाला अडचण."

"माझ्या मनाला बरं वाटेल, गुप."

लेथोंनी मान खाली घातली. "बरं. तुम्ही एवढं म्हणताच आहात तर."

जूनमध्ये पाटी मक्यात उभी राहिली, आणि तारेची भेंडोळी, सौरपेटी घेऊन माणसं आली. त्यांनी पाटीभोवती चार हातांवर खुणा मारल्या. यांगकी बांधावर बसून बघत होती. लेथोंना हाक मारून म्हणाली, "फोटोत तारा दिसतील की हो. समाधानी माणसं तारेच्या आत? परदेशी माणूस काय म्हणेल? शेताच्या कडेनं न्या, दिसणार नाहीत."

लेथोंनी तिच्याकडे पाहिलं. मक्याकडे पाहिलं. मग खुणा पुसायला सांगितल्या.

ऑगस्टमध्ये दाशो आले, पाहुणे आले. डोक्याएवढ्या मक्यातून वाट काढत पाटीपर्यंत गेले, घामाघूम झाले, फोटो काढले. निघताना दाशोंनी मोठ्या मायेनं विचारलं, "औम, काही कमी आहे का?"

"दुसऱ्यांदा विचारा, मग सांगते," यांगकी म्हणाली.

दाशो खो खो हसले. सगळेच हसले. पाहुण्यांना भाषांतर करून सांगितल्यावर तेही हसले. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

सप्टेंबरात देमाचा फोन माझ्याकडे आला. आईचा लागत नव्हता म्हणे. मी फोन घेऊन यांगकीकडे गेले. ओसरीवर कणसांचा ढीग, त्यात ती गुडघ्यांपर्यंत बुडालेली, वर वळचणीला माळा टांगलेल्या.

"मावशी, आमाला विचार, गाडी कधी पाठवू?"

मी विचारलं. यांगकीनं सोललेलं कणीस बाजूला टाकलं आणि पुढचं उचललं.

"सांग तिला, हात रिकामे नाहीत. आणि म्हणावं, गाडी पाठवायचीच असेल तर पोराला घालून पाठव. इथं सोलायला माणूस नाही."