टाळू भरली तेव्हा

लेकीच्या मेंदूच्या एमआरआयची फिल्म मी खिडकीच्या काचेवर धरली होती. राखाडी मेंदूत तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके, आणि फिल्मच्या मागे शेजारणीची वाळत घातलेली चादर. हीच फिल्म पाहून एका तज्ज्ञाने लिहिलं, मल्टिपल स्क्लेरॉसिसच दिसतोय. दुसऱ्याने लिहिलं, हे ठिपके मज्जातंतूंच्या त्या आजाराचे वाटत नाहीत. दोघंही जाणते, दोघांनीही मन लावून पाहिलेलं. रागवायचं तरी कुणावर? आमचे डॉक्टर म्हणाले, "काही महिन्यांनी परत काढू. तोवर वाट बघायची."

"आई, तुला काय वाटतं?" बधिर झालेली बोटं चोळत मृणालने विचारलं, जणू मला कळणारच आहे.

ती तान्ही असताना मी रोज तिच्या टाळूवर तेल घालायचे. तळहाताखाली टाळू थडथड उडायची. आत्या, शेजारणी, जी ती हात लावून तेच सांगायची, "अजून भरली नाही गं." कधी एकदा भरतेय, असं मला होऊन गेलं होतं.

मी फिल्म खाली ठेवली आणि मृणालच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला नुसतं टणक हाड लागलं.