डावीकडचा खालचा कोपरा

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला. त्यात विमान चालवायचा एक खेळ होता. तिनं तो कधी उघडला होता की नाही कोण जाणे, मी मात्र उघडला आणि थेट हुबळीच्या धावपट्टीवरून उडाले. खाली बघते तर आमचं गावच नाही. कुठल्या तरी थंड मुलखातली उतरत्या छपरांची घरं आणून माळावर टाकलेली. उणकलचा तलाव म्हणजे निळं डबकं. धारवाडच्या जागी जंगल. माझा स्वभाव मुळातच तापट. म्हटलं, ह्यांना जमत नसेल तर आपण करू.

असं करता येतं, हे मला नंतर कळलं. उपग्रहातून काढलेला गावाचा फोटो घ्यायचा, त्याचे चौकोन पाडायचे, एकेक चौकोन पडद्याएवढा मोठा करायचा आणि माउसनं प्रत्येक छपराच्या कडेनं पांढरी रेघ ओढायची. रेघ जुळली की घराची उंची भरायची. ती सावलीवरून कळते. सावली लांब तर इमारत उंच. मग हे सगळं त्या खेळात घातलं की त्यांची घरं जातात आणि जिथं रेघ होती तिथं आपलं घर उभं राहतं. लहानपणी अप्पांच्या कापडाच्या दुकानात बसून मी गिऱ्हाइकांच्या ब्लाउजपिसांवर भरतकामाचे छाप कार्बन पेपरनं उतरवून द्यायची. हे तेच काम होतं, फक्त फुलांच्या जागी छपरं.

सुरुवात धारवाडपासून केली, कारण माझं कॉलेज तिथं झालं. मग हमरस्त्यानं पुढं नवनगर, उणकल आणि सगळ्यात शेवटी हुबळीतलं विद्यानगर, जिथं आमचं घर आहे. दुपारची जेवणं आटोपली की बसायचं. चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात संपवायचं, ही माझी पद्धत. काही सुटलेलं दिसलं नाही की पुढचा चौकोन. उणकलला चांगलीच फसले. तलावात जलपर्णी माजलेली होती, ती मी हिरवळ समजले आणि पाण्यातच मैदान करून ठेवलं. हे म्हणाले, "छान. आता तिथं क्रिकेटचा सामना भरव की." दोनेक वर्षं असं चाललं. गाव पुरं होईपर्यंत वरून बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. अर्धा कच्चा स्वयंपाक मी कुणाला वाढत नाही, स्वतःलाही नाही.

ह्याच काळात माझी चिडचिड वाढली. चहाचा कप कुणीतरी नेमका माझ्या हाताशी ठेवायचं आणि तो लवंडायचा. पाण्याची बादली वाटेत ठेवलेली असायची. गेटच्या खांबाला स्कूटर घासली तेव्हा मी तो खांब बांधणाऱ्या गवंड्याचा उद्धार केला. हे निमूटपणे सगळं ऐकून घ्यायचे. मी चिडकी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कुणाला त्यात नवीन काही वाटलं नाही. मलाही नाही.

विद्यानगर पुरं झालं त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण, अक्का, कलघटगीहून चार दिवस राहायला आली. अक्का कधी विमानात बसलेली नाही. सकाळी आंघोळ करून, केसांत फूल माळून ती माझ्या शेजारच्या खुर्चीत अशी बसली, जणू खरंच तिकीट काढलंय. मी विमान धावपट्टीवर आणलं आणि सोडलं. पुढचं चाक सुटलं तशी अक्कानं माझा दंड धरला.

"निम्म मनी यल्लि गं? तुमचं घर दाखव की आधी."

"डावीकडं खाली बघ. आमच्या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागची गल्ली."

मी समोर बघत होते. उडताना समोरच बघावं लागतं. अक्का बराच वेळ पडद्याशी वाकून बसली.

"इथं रान आहे," ती म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघतेय. गल्लीचं एक टोक आहे. पुढं रान आहे. तुमचं घर नाही."

मी विमान वळवून परत आणलं. घर नव्हतं. शेजारच्यांचंही नव्हतं. जे घर काढताना गच्चीवरची टाकी मी आवर्जून काढली होती, असं मला शपथेवर सांगता आलं असतं, तिथं गवत होतं. अर्थातच मी कॉम्प्युटरवर खेकसले. फाइल खराब झाली असणार, आणखी काय!

"पण बाकीचीही गेलीत की," अक्का म्हणाली. "नोड, तिकडं बघ. आणि तिकडं. प्रत्येक ठिकाणी सारखंच. कुणीतरी वडीचा एकेक कोपरा मोडून खाल्ल्यासारखं."

मी विमान आणखी वर नेलं आणि मग मला दिसलं. सगळं विद्यानगर चौकोनाचौकोनानं पसरलं होतं आणि प्रत्येक चौकोनाचा एकच कोपरा रिकामा होता. डावीकडचा, खालचा. ज्या कोपऱ्यात मी काम संपवायची, तोच.

मी धारवाडच्या दिशेनं निघाले. उणकलवर आलो तेव्हा ते कोपरे लहान झाले होते. नवनगरला दोन-चार घरांएवढे उरले. धारवाड जवळ आलं तसे ते नाहीसेच झाले. धारवाडात सगळं जिथल्या तिथं होतं. माझं कॉलेज, त्याच्या शेजारची घरं, चढावरचा देवळाचा ओटासुद्धा. अक्का खूश होऊन म्हणाली, "हे बघ, हे किती छान जमलंय तुला!" धारवाड मी सगळ्यात आधी काढलं होतं. फाइल खराब होते तेव्हा ती अशी हळूहळू, रांगेनं खराब होत नाही.

खेळ बंद करून मी आमच्या गल्लीचा चौकोन उघडला, उपग्रहाच्या फोटोचा. बघितलं. पुरा होता. सगळ्या छपरांना पांढऱ्या रेघा होत्या.

"आहे की सगळं," मी म्हणाले.

अक्कानं पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. मी त्या बोटाकडं बघितलं आणि तिथं छपरं उगवली. एक, दोन, मग गल्लीच गल्ली. एकालाही रेघ नव्हती. आमची टाकीही होती, काळी, गोल. नजर परत मधोमध नेली, छपरं गेली. काळं काही दिसलं नाही, डाग नाही, धूसरही नाही. नुसतं असं वाटलं, की तिथं काही नव्हतंच.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. दोघींच्या मनात अप्पाच आले.

अप्पांना काचबिंदू होता. शेवटची काही वर्षं ते दुकानात नुसत्या हातानं कापड ओळखायचे आणि गिऱ्हाइकं वाहवा करायची. दिसत नव्हतं म्हणून ओळखायचे. घरी दाराच्या चौकटीला धडकले की सुताराच्या नावानं खडे फोडायचे. "दिसतंय की मला," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पुढं पुढं तर आईच्या तोंडासमोर उभे राहून आईला हाक मारायचे आणि तरीही तेच म्हणायचे. हा रोग रक्तातून येतो, मुलींनी डोळे दाखवत राहावं, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. अक्का दरवर्षी दाखवते. मी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तेवढा बघून घ्यायची. बारीक अक्षर वाचता येतंय, मग डॉक्टर कशाला? असं मी म्हणायची. खरं म्हणजे मला त्या रोगाचं नाव पुन्हा ऐकायचं नव्हतं. मी फार घाबरत होते.

"उद्या जायचं," अक्का म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात बघू."

"उद्या," ती म्हणाली, आणि तिनं ह्यांना हाक मारली.

दवाखान्यात एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रापुढं हनुवटी टेकवून बसवलं. मधल्या दिव्याकडं बघत राहायचं, आजूबाजूला बारीक ठिणगी चमकली की हातातलं बटण दाबायचं. आधी सोपं गेलं. ठिणगी, बटण. ठिणगी, बटण. मग यंत्राच्या आत नुसतं खट् झालं आणि काही चमकलं नाही. पुन्हा खट्. पुन्हा अंधार. मला कळलं की आत्ता कुठंतरी दिवा लागतोय, मशीन मला दाखवतंय आणि मी तिथं नाही. बटणावरचा अंगठा घामानं निसटत होता. आवाज ऐकून दाबावं, असं फार वाटलं. एकदा दाबलंही. त्या क्षणी अप्पांचा आवाज माझ्या घशातून येतोय असं वाटलं. मग अंगठा बाजूला घेतला आणि त्या खट् खट् आवाजांत तशीच बसून राहिले.

डॉक्टर तरुण होते. "अंजब्याड्री," म्हणाले, म्हणजे घाबरू नका, आणि मी खरी घाबरले ती तेव्हा. दोन्ही डोळ्यांत आहे, म्हणाले. जिथं दिसत नाही तिथं मन शेजारचं काहीतरी ओढून पांघरतं, म्हणून माणसाला कळत नाही. गेलं ते परत येत नाही. आहे ते राखायचं. सकाळ-संध्याकाळ थेंब, आणि चुकवायचं नाही. "तुमच्या लक्षात कसं आलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "विमानातून दिसलं." त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं.

थेंब चुकवत नाही. स्कूटर विकली. आता घरात कप सांडला की मी कुणावर ओरडत नाही, आणि त्यानं घरातली माणसं जास्तच घाबरतात. परवा हे म्हणाले, "अगं, जरा चिड की."

गावाचे रिकामे कोपरे भरून टाक, असं अक्का फोनवर सांगते. फोटो सरकवून तो कोपरा मधोमध आणला की तिथलं सगळं दिसतं, काम अवघड नाही. मी भरत नाही. कलघटगीचा रस्ता काढायचा राहिलाय, पण नवा चौकोन उघडायला हात धजत नाही. काढला, आणि त्यातलं रान विद्यानगरातल्या रानापेक्षा मोठं निघालं तर?

एक घर तेवढं काढलं, आमचं. टाकीसकट. रिकाम्या कोपऱ्यात ते एकटंच उभं आहे.

मागच्या महिन्यात अक्का पुन्हा आली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. मी विमान सोडलं. नजर समोर, धावपट्टीच्या मधल्या रेघेवर. चाक सुटलं. आता डावीकडं खाली घर असणार, हे मला माहीत होतं आणि तिथं गवत दिसत होतं. मी मान वळवली. घर आलं. समोर बघितलं, गेलं. पुन्हा मान वळवली आणि तशीच ठेवली. विमान एका अंगावर कलंडायला लागलं, कसलीतरी घंटी वाजू लागली.

"अगं, पुढं बघ! पडेल ते!" अक्का ओरडली.

"पडू दे," मी म्हटलं. "मला घर बघू दे."